पोर सारखं आजारी पडतंय, म्हणजे प्रतिकारशक्ती घडतेय का?

जुलैमध्ये कुठल्याही पाळणाघराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी साडेआठला डोकवा. "आज आमचं पिल्लू येणार नाही, रात्रभर ताप होता." "आमचाही खोकतोय." "ताई, काल कुणाचं नाक वाहत होतं का?" आमची लेक चौदा महिन्यांची असताना पाळणाघरात जायला लागली आणि पहिल्या तीन महिन्यांत तिला पाच वेळा सर्दी झाली. पाचव्या खेपेला मी तिच्या नाकात सलाइनचे थेंब घालत होते, ती थेट माझ्या तोंडावर शिंकली, आणि तिसऱ्या दिवशी मीही अंथरुणाला टेकले.

घरात लगेच दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, "पडू दे गं, आजारी पडल्याशिवाय अंग घट्ट होत नाही. तुझा नवरा मातीत लोळूनच मोठा झालाय." समोरच्या वहिनींचं म्हणणं, वर्षभर पाळणाघर बंद कर आणि खेळणी रोज जंतुनाशकाने पूस. दोघींच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण जंतू कोणता आणि तो कोणत्या वयात भेटला, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नव्हतं. सगळी गोम तिथेच आहे.

बाळ येतं ते शिदोरी घेऊन

आपल्या रक्तात विशिष्ट जंतूलाच नेमकी चिकटणारी प्रथिनं असतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात, म्हणजेच अँटीबॉडी. एक प्रतिपिंड गोवराच्या विषाणूला ओळखतं, दुसरं धनुर्वाताच्या विषाला. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, आईच्या रक्तातली ही प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. आईला लहानपणी कांजिण्या झालेल्या असतात, कधी गोवराची लस मिळालेली असते, गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असतं. त्या सगळ्या अनुभवाची शिदोरी बाळाला बांधून मिळते. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची शिदोरी अपुरी राहते, आणि त्याला जास्त जपावं लागतं त्यामागे हेही एक कारण आहे.

जन्मानंतर अंगावरच्या दुधातून, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर चिकातून, वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं मिळतात. ती रक्तात फारशी जात नाहीत. आतड्याच्या आणि घशाच्या अस्तरावर थर धरून बसतात आणि जंतूला आत शिरू देत नाहीत. चीक "जड" म्हणून पिळून टाकून द्यायची रीत आपल्याकडे अनेक घरांत होती. बाळाचा केवढा तोटा करत होतो आपण!

शिदोरी म्हटली की ती संपणारच. वारेतून आलेली प्रतिपिंडं सहा महिने ते वर्षभरात ओसरतात. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर का देतात, याचं उत्तर यातच आहे. त्याआधी दिली तर आईकडची प्रतिपिंडं लसीतल्या दुबळ्या विषाणूलाच निकामी करतात आणि बाळाचं शरीर काही शिकतच नाही. फार उशिरा दिली तर शिदोरी संपलेली आणि लस नाही, अशी उघडी खिंड राहते.

मग बाळाची स्वतःची यंत्रणा कुठे असते? ती असते, पण हात आखडून. पोटात असताना तिने आईच्या पेशींवर हल्ला करून चाललं नसतं. आणि जन्मल्याबरोबर आतड्यात, कातडीवर, तोंडात कोट्यवधी जंतू वस्तीला येतात. त्या प्रत्येकाशी भांडण काढलं तर बाळाचं आतडंच सुजून जाईल. म्हणून पहिल्या काही महिन्यांत यंत्रणेचा कल सोसण्याकडे असतो. त्याची किंमतही आहे: खरा शत्रू शिरला तर तो झपाट्याने पसरतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

छातीच्या हाडामागची शाळा

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेमध्ये ती शिडासारखी पसरलेली दिसते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते आणि म्हातारपणी तिथे बरीचशी चरबीच उरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी शवविच्छेदनात बहुतेक गरीब, दीर्घ आजारी माणसांचे देह पाहिले होते. आजारपणाने त्यांचा थायमस सुकलेला असायचा, आणि तेवढाच आकार खरा असा समज झाला. मग धडधाकट बाळांचा थायमस "प्रमाणाबाहेर मोठा" ठरला आणि त्याने श्वास कोंडेल या भीतीने हजारो बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. पुढे त्यांतल्या अनेकांना थायरॉइडचा कर्करोग झाला. नॉर्मल म्हणजे काय हे चुकीच्या माणसांकडे पाहून ठरवलं की असं होतं.

या ग्रंथीचं खरं काम १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी दाखवून दिलं. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांचा थायमस काढला तर ती पिल्लं पुढे साध्या संसर्गानेही मरायची. मोठ्या उंदरांचा काढला तर लगेच काही बिघडायचं नाही. म्हणजे थायमसचं महत्त्वाचं काम सुरुवातीलाच उरकलेलं असतं.

काम काय, तर टी पेशींची परीक्षा घेणं. टी पेशी म्हणजे प्रतिकारयंत्रणेतले शिपाई आणि हवालदार दोन्ही. काही थेट लढतात, काही इतरांना हुकूम देतात, आणि काहींचं काम फक्त "पुरे आता" म्हणून आवरण्याचं असतं. थायमसमध्ये प्रत्येक पेशीला दोन पेपर द्यावे लागतात. तुला काही ओळखता येतं का? आणि तू आपल्याच शरीरावर तर उठत नाहीस ना? नव्वद-पंचाण्णव टक्क्यांहून जास्त पेशी नापास होतात आणि तिथेच मरतात. एमपीएससीचा निकालही बरा वाटावा!

शाळा आईच्या पोटातच सुरू झालेली असली, तरी बाहेर पडलेल्या नव्या टी पेशींनी जग पाहिलेलं नसतं. कुठल्या जंतूशी लढायचं, कुठल्याकडे दुर्लक्ष करायचं, हे त्या प्रत्यक्ष गाठ पडल्यावरच शिकतात. पहिली दोन-तीन वर्षं ही या गाठीभेटींची वर्षं.

पहिल्या गुरूचं घराणं

गाण्यात पहिला गुरू ज्या घराण्याचा, त्याचा लगाव गळ्यातून जाता जात नाही. पुढे शिष्य दुसऱ्याकडे शिकला तरी तान घेताना जुनं घराणं डोकावतंच. फ्लूच्या बाबतीत आपलं शरीर तसंच वागतं. लहानपणी पहिल्यांदा ज्या प्रकारचा फ्लू झाला, त्याची आठवण सगळ्यात पक्की बसते. अमेरिकेतले विषाणुतज्ज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये या प्रकाराला चक्क "मूळ पाप" या अर्थाचं नाव दिलं होतं.

माणसांना होणाऱ्या ए प्रकारच्या फ्लूची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. १९१८ ते १९६८ या काळात जगभर पहिल्या घराण्याचे विषाणू फिरत होते. १९६८ मध्ये हाँगकाँग फ्लू आला, तो दुसऱ्या घराण्याचा. त्यानंतर जन्मलेल्या बहुतेकांची पहिली गाठ याच घराण्याशी पडली. आता बर्ड फ्लू घ्या. एच५एन१ हा पहिल्या घराण्याचा, एच७एन९ दुसऱ्या. २०१६ मध्ये संशोधकांनी या दोन्ही आजारांच्या रुग्णांची जन्मवर्षं तपासली, तर १९६८ च्या आधी जन्मलेले लोक एच५एन१ च्या गंभीर आजारापासून बरेचसे बचावले होते आणि नंतर जन्मलेले एच७एन९ पासून. दोन्हीकडे साधारण ७५ टक्के संरक्षण. बर्ड फ्लू यांपैकी कुणीच आधी पाहिलेला नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी तापाने फणफणलेल्या एका पोराच्या शरीराने जे टिपून ठेवलं, ते कामी आलं.

मग मातीत खेळू द्यावं की नाही?

सासूबाईंच्या बाजूने बोलायचं तर इथे बोलता येतं. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी ब्रिटनमध्ये १९५८ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची ॲलर्जी कमी. स्ट्रॅकन यांचा तर्क असा की मोठी भावंडं घरात जंतू आणतात आणि त्या संसर्गांमुळे धाकट्याची यंत्रणा ताळ्यावर येते. यालाच पुढे "स्वच्छतेचा सिद्धान्त" हे नाव पडलं.

हे नाव पडलं तिथेच घोळ झाला, असं मला वाटतं. लोकांनी अर्थ काढला की हात धुणं वाईट आणि आजार चांगले. नंतरच्या अभ्यासांनी वेगळंच दाखवलं. अमेरिकेत ॲमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचे पूर्वज युरोपच्या एकाच भागातले, दोघांची कुटुंबं मोठी, दोघांकडे टीव्ही नाही. फरक एवढाच की ॲमिश लोक घराला लागून असलेल्या गोठ्यात गाई-घोडे पाळतात आणि पोरं दिवसभर तिथे बागडतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची आणि गोठे वस्तीपासून लांब. शाळकरी मुलांमध्ये दम्याचं प्रमाण ॲमिशांत सुमारे ५ टक्के, हटराइटांत सुमारे २१ टक्के. २०१६ च्या अभ्यासात दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा करून उंदरांच्या नाकात घातली. ॲमिश घरातल्या धुळीने उंदरांचा दमा रोखला, हटराइट घरातल्या धुळीने नाही.

आता या धुळीत गोवर नव्हता की क्षयाचे जंतू नव्हते. त्यात होते गोठ्यातले, मातीतले, गवतातले निरुपद्रवी जीवाणू आणि त्यांचे तुकडे. ग्रॅहम रूक यांनी २००३ मध्ये यांना "जुने मित्र" म्हटलं. माणूस लाखो वर्षं यांच्या सोबत राहिला. यांच्याशी लढावं लागत नाही आणि यांना टाळताही येत नाही. "पुरे आता" म्हणणाऱ्या टी पेशींना यांच्याच सहवासात सराव मिळतो. तो मिळाला नाही तर यंत्रणा शेंगदाण्यावर, परागकणांवर, कधी आपल्याच स्वादुपिंडावर तुटून पडते. फिनलंड आणि सीमेपलीकडचा रशियातला करेलिया यांच्यात लोकांची जनुकं बरीच सारखी, पण लहान मुलांचा टाइप १ मधुमेह फिनलंडच्या बाजूला साधारण सहापट.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल, "बघा, आपलं शेणाने सारवलेलं घर!" जरा थांबा. बाळाच्या कापलेल्या नाळेला शेण किंवा राख लावायची प्रथा आपल्याकडे होती. तिने धनुर्वात होऊन असंख्य बाळं दगावली. ही बाळं जन्मल्यावर काही दिवस नीट दूध प्यायची आणि मग त्यांचा जबडा मिटायचा. गरोदर बायांना दिलेली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांच्या जोरावर भारताने नवजात बाळांचा धनुर्वात जवळपास हटवला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर २०१५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. अंगणात खेळणं वेगळं आणि उघड्या जखमेवर माती चोळणं वेगळं.

"आम्हाला गोवर झाला होता, काय बिघडलं?"

काही आजार शिकवतात. गोवर मात्र आधी शिकलेलं पुसून टाकतो. "गोवर आला की अंगातली उष्णता निघून जाते, पोर सुटतं" असं जुनी माणसं म्हणत, म्हणून हे नीट सांगायला हवं.

आजार बरा झाल्यावर काही पेशी त्या जंतूची ओळख जपून ठेवतात. या स्मृतिपेशी. गोवराचा विषाणू शरीरात शिरताना ज्या खुणेला पकडतो, ती खूण नेमकी या स्मृतिपेशींवर असते. म्हणजे चोर आला तो थेट दप्तरखान्यात, आणि त्याने फायलीच जाळल्या. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि गोवरानंतर तपासलं. त्यांनी तोवर कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. आधी झालेल्या न्यूमोनियाची, जुलाबाची, फ्लूची ओळख पुसली गेली, आणि ती परत मिळवायची तर ते जंतू पुन्हा भेटायला हवेत. गोवर उतरल्यावर दोन-तीन वर्षं ही मुलं इतर आजारांनी जास्त दगावतात, असं जुन्या मृत्यूनोंदींवरून २०१५ मध्येच दिसलं होतं. लसीतला दुबळा विषाणू हे करत नाही. तो फक्त गोवराची ओळख करून देतो.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी, तसंच भिवंडी आणि मालेगाव इथे गोवर पसरला तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशी आला. कोविडच्या काळात राहून गेलेल्या लसी एकदम भोवल्या. नऊ महिन्यांखालची बाळंही सापडू लागली, तेव्हा उद्रेकाच्या भागांत सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस द्यायचं ठरलं. बातम्यांत त्या आजाराने गेलेल्या मुलांचा आकडा यायचा. त्यानंतर दोन वर्षं न्यूमोनियाने झुंजलेल्या मुलांचा आकडा कुणी गोवराच्या खात्यात लिहीत नाही.

तोच जंतू, वेगळं वय

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कावीळच घ्या. दूषित पाण्यातून होणारी ए प्रकारची कावीळ तीन वर्षांच्या पोराला झाली तर बहुतेक वेळा कळतही नाही. थोडे जुलाब, जरा किरकिर, आणि जन्मभराचं संरक्षण. तीच पंचविशीत झाली तर डोळे पिवळे, महिनाभर अंथरूण, आणि क्वचित यकृतच निकामी. एक पिढी आधी आपल्याकडे जवळपास प्रत्येकाला ती लहानपणी होऊन जायची. पाणी सुधारलं, फिल्टर आले, आणि पुण्यासारख्या शहरात सुखवस्तू घरांतली मुलं ती न होताच मोठी होऊ लागली. हा बदल पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने अभ्यासला आहे. मग हॉस्टेलला गेल्यावर, मेसच्या पाण्यातून, एकोणिसाव्या वर्षी गाठ पडते.

बी प्रकारच्या काविळीचं बरोब्बर उलटं. ती रक्तातून पसरते. बाळंतपणात आईकडून बाळाला लागली तर दहापैकी नऊ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो, आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग समोर येतो. मोठ्या माणसाला लागली तर शंभरातले पंच्याण्णव जण तिला हुसकून लावतात. कारण पुन्हा तेच: नवजात बाळाची यंत्रणा सोसणारी असते, आणि विषाणू त्या सोसण्याचा फायदा घेतो. बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत हेपेटायटिस बी ची लस देण्याची घाई असते ती याचसाठी. "इतक्या लवकर कशाला टोचता त्याला" असं म्हणणारी आत्या प्रत्येक प्रसूतिगृहाबाहेर भेटते.

आणखी एक विषाणू आहे, एपस्टाइन-बार नावाचा. लाळेतून पसरतो. आपल्याकडे आजीने भरवलेल्या घासातून तो बहुतेकांना बालपणीच होऊन जातो आणि सर्दीपलीकडे काही दाखवत नाही. श्रीमंत देशांत तो पुष्कळदा कॉलेजच्या वयात गाठतो, तेव्हा महिनाभर गळ्यात गाठी आणि ताप. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवरून दिसलं की हा विषाणू नव्याने लागलेल्यांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढतो.

पोलिओची कथाही वयाचीच. अस्वच्छ काळात तो सगळ्यांना तान्हेपणीच भेटायचा, आईची शिदोरी अंगात असताना, आणि लकवा क्वचितच व्हायचा. शहरं स्वच्छ झाली, भेट लांबली, शिदोरी संपली, आणि १९१६ मध्ये न्यूयॉर्कसारख्या शहरात पांगळ्या मुलांची रांग लागली.

मग स्वच्छता कमी केलेली बरी?

नाही. पोलिओची भेट लवकर व्हायची त्याच काळात तीच तान्ही बाळं हगवणीने मुंग्यांसारखी मरत होती. एका आजारापुरतं गणित जुळलं म्हणून गटार उघडं ठेवायचं नसतं. लसीने नेमकं हेच साधतं की ओळख योग्य वयात होते आणि तिची किंमत मोजावी लागत नाही.

आणि जंतूंचा मारा फार झाला तर यंत्रणा मजबूत होण्याऐवजी थकते. दूषित पाणी, उघड्यावरची घाण यात वाढणाऱ्या बाळाचं आतडं सतत हलकं सुजलेलं राहतं. जुलाब दिसत नाहीत, पण अन्न नीट शोषलं जात नाही. लढाईला लागणारी ऊर्जा उंचीच्या वाट्यातून जाते. अंगणवाडीत ताई उंची मोजतात तेव्हा पट्टीवर जे कमी दिसतं, त्यात भाकरीइतकाच पाण्याचाही हात असतो. शिवाय अशा आतड्यात तोंडावाटे दिलेली लस नीट रुजत नाही. भारतात बनलेल्या रोटाव्हायरस लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळ मिळून ६,७९९ बाळांवर झाली. गंभीर जुलाबांपासून संरक्षण मिळालं सुमारे ५५ टक्के. श्रीमंत देशांत अशाच लसींचा आकडा ८५ च्या वर जातो. आपल्याकडे जुलाबाने मरणारी मुलं इतकी जास्त की ५५ टक्केही मोठी कमाई आहे, पण तफावत डोळ्यात भरते.

मित्र-जंतू वेळेवर पोचवले तर काय होतं, हेही भारतातच पाहिलं गेलं. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या आठवड्यात एक निवडक जीवाणू आणि त्याचं खाद्य अशी पूड दिली, बाकीच्यांना नुसती दिसायला तशीच पूड. दोन महिन्यांत जंतुदोष आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण म्हणून मेडिकलच्या दुकानातला कुठलाही प्रोबायोटिक सॅशे बाळाला पाजू नका. तो जीवाणू चाळणी लावून निवडलेला होता, आणि प्रत्येक जातीचा गुण वेगळा.

लॉकडाउनमध्ये पोरांची प्रतिकारशक्ती गंजली का?

२०२१ मध्ये फ्रान्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी "प्रतिकारशक्तीचं कर्ज" असा शब्द काढला. दोन वर्षं घरात कोंडली गेलेली मुलं बाहेर आली आणि एकदम खोकू लागली, हे खरं. पण प्रतिकारशक्ती म्हणजे दंडाचा स्नायू नव्हे, व्यायाम चुकला की ढिला पडायला. एरवी दर वर्षी थोड्या-थोड्या मुलांना जी पहिली गाठ पडते, ती दोन-तीन वर्षांत राहून गेलेल्या सगळ्या मुलांना एकाच हंगामात पडली. गर्दी वाढली म्हणून एसटी बिघडली असं होत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हाही लोक नव्या साथीच्या भीतीने मास्क शोधू लागले. हा विषाणू सापडला २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये, आणि तेव्हाच कळलं की तिथल्या जवळपास प्रत्येक मुलाला पाच वर्षांपर्यंत तो होऊन गेलेला असतो आणि निदान पन्नास वर्षं तरी तो माणसांत फिरतोय. आपल्या पोरांनाही तो झालेला असणार. आपण त्याला सर्दी म्हटलं, एवढंच.

पाळणाघराचं म्हणाल तर कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मुलांचा आठ वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा केला. अडीच वर्षांच्या आत मोठ्या पाळणाघरात गेलेली मुलं तेव्हा जास्त आजारी पडली, पण शाळेत गेल्यावर घरी राहिलेल्यांपेक्षा कमी. सर्द्यांची एकूण संख्या फारशी बदलत नाही, हप्ते आधी भरायचे की नंतर, एवढाच फरक. याला एक मोठा अपवाद मात्र आहे: पहिले सहा महिने. त्या वयात श्वासनलिका बारीक असते आणि आरएसव्हीसारखा विषाणू दम कोंडतो. तेव्हा तान्ह्याचा मुका घ्यायला आलेल्या शिंकऱ्या पाहुण्याला दारातूनच चहा द्यावा.

"एवढ्याशा जिवाला एवढ्या लसी?"

हा प्रश्न मला दर महिन्याला विचारला जातो. जुन्या देवीच्या एका लसीत सुमारे २०० प्रकारची प्रथिनं होती. आजच्या हेपेटायटिस बी लसीत एक असतं. बाळ दुधाची बाटली, चावलेलं रबराचं बदक आणि स्वतःचा पाय तोंडात घालतं तेव्हा याहून कितीतरी जास्त जंतूंची ओळख करून घेतं. बीसीजी तर गमतीची लस आहे. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या प्रचंड चाचणीत तिने मोठ्यांचा फुप्फुसाचा क्षय रोखला नाही, तरी तान्ह्यांना होणाऱ्या क्षयाच्या मेंदूज्वराविरुद्ध ती चांगली चालते. पुन्हा वयच.

किती सर्द्या म्हणजे जास्त?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या सामान्य समजल्या जातात, पाळणाघरात जाणाऱ्याला दहा-बारासुद्धा. प्रत्येक सर्दी आठ-दहा दिवस चालते, खोकला कधी तीन आठवडे. हे दिवस पावसाळ्यात आणि थंडीत दाटीवाटीने येतात, म्हणून "हिची सर्दी जातच नाही" असं वाटतं. शेंबूड हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक लागतं असंही नाही. तो रंग लढून मेलेल्या पेशींचा असतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही, उलट आतड्यातल्या जुन्या मित्रांची वस्ती मात्र उठते. शेजारच्या बाळाची उरलेली बाटली आणून पाजण्याचा उद्योग तर करूच नका.

काळजी कधी करायची? वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, संसर्ग शिरेतून औषध दिल्याशिवाय हटत नाहीत, वर्ष उलटून गेलं तरी तोंडात पांढरी बुरशी सारखी येते, खोल गळवं होतात, वजन वाढत नाही, किंवा घरात आधी एखादं बाळ असंच संसर्गाने गेलेलं आहे, तर ही नेहमीची सर्दी नव्हे. काही मुलांची यंत्रणा जन्मतःच अपुरी असते. नात्यात लग्न झालेल्या घरांत हे प्रमाण वाढतं, आणि मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे अजून आहे. बालरोगतज्ज्ञांना हे स्पष्ट सांगा. या आजारांच्या खास रक्ततपासण्या मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात.

आमच्या लेकीची सहावी सर्दी परवा सुरू झाली. वजन वाढतंय, खेळतेय, डाळ-भात ओरपतेय. सासूबाईंनी तिला सोसायटीच्या बागेत नेऊन मातीत बसवलं. परत आल्यावर मी तिचे हात साबणाने धुतले, त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. गोवराच्या दुसऱ्या डोसची तारीख मात्र त्यांनीच कॅलेंडरवर पेनाने गोल करून ठेवली आहे.